मळ्याचं नाव

(वेस्टफालियातलं एक खेडं, १९९१. पाथरवट टोनिसच्या अंगणात म्हातारी एने आणि तिची मुलगी मेश्टिल्ड.)

टोनिस : मग ब्रोकमनबाई, दगडावर ‘राइनहोल्ड ब्रोकमन’ एवढंच कोरायचं ना?

मेश्टिल्ड : क्रेचमर. राइनहोल्ड क्रेचमर.

एने : तू गप्प बस गं. त्या जागेत पाच पिढ्यांचे ब्रोकमन निजलेत. त्यांच्यात हे क्रेचमर कोण, म्हणून लोक विचारतील.

मेश्टिल्ड : विचारू देत. बाबांच्या सगळ्या कागदांवर तेच आहे. तुझ्याही नि माझ्याही.

एने : कागद कपाटात राहतात. आपल्याकडे नाव मळ्याचं असतं. जो मळ्यात नांदायला आला तो ब्रोकमन. माझे आजोबाही घरजावईच होते, त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

मेश्टिल्ड : ते शेजारच्या गावचे. त्यांचं नाव चालवायला तिथं चार भाऊ होते. बाबांचं कोण होतं? महायुद्धानंतर सिलेशियातून जर्मनांना हाकललं तेव्हा घरातून पाच जण निघाले. इथं पोचले ते एकटे.

टोनिस : क्रेचमर म्हणजे काय हो? कानाला आपल्या भागातलं वाटत नाही.

मेश्टिल्ड : तिकडं गावच्या खाणावळवाल्याला म्हणतात. बाबांच्या घरी आजा-पणज्यापासून तोच धंदा.

एने : आणि ब्रोकमन म्हणजे पाणथळीत राहणारा. ती पाणथळ कुणी आटवली? त्यांनीच. गुडघाभर चिखलात उभं राहून चर खणले. मग ते ब्रोकमन नव्हते तर कोण होते?

मेश्टिल्ड : चाळीस वर्षं हाकेला ओ दिली त्यांनी. पण तुला एकदा तरी विचारावंसं वाटलं का, आई?

एने : नाही वाटलं.

मेश्टिल्ड : बघ.

एने : ऐक तरी. शेवटच्या आठवड्यात, तू यायच्या आधी, दवाखान्यात एक नवी सिस्टर आली. कागदावर बघून म्हणाली, क्रेचमर, जरा उठून बसता का? तर काय हसले. कितीतरी वर्षांत तसे हसले नव्हते. मला म्हणाले, “माझ्या बाबांना हाक मारतंय कुणीतरी. खाणावळीत गिऱ्हाईक आलं वाटतं.”

मेश्टिल्ड : हे तू मला सांगितलं नाहीस.

एने : कोणत्या तोंडानं सांगू? मी त्या पोरीला म्हटलं, आमच्याकडे यांना ब्रोकमन म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून ती तसंच म्हणायला लागली. त्यानंतर त्यांनी ओच दिली नाही. तिलाही नाही, मलाही नाही.

मेश्टिल्ड : आई, रडू नकोस.

एने : रडू दे. टोनिस, क्रेचमरच कोर.

टोनिस : बरं. खाली तुमच्यासाठी जागा सोडतो. तुमचं मात्र ब्रोकमनच ना?

एने : नाही, माझंही क्रेचमर. लग्नात सही केली तेवढीच, पुन्हा कुणाला तसं म्हणू दिलं नाही. तो माणूस जन्मभर माझ्या घरी नांदला. आता मी त्याच्या घरी नांदते.

टोनिस : मग इथं सही करा, क्रेचमरबाई.