कचरापेटीतला डाव

सासरे : …कशालाही हात लावू नकोस, असं मी हजारदा सांगितलंय.

सासूबाई : कॉम्प्युटरला लावू नको म्हणाला होतात. कचरापेटीबद्दल काही बोलला नव्हतात.

सून : आई, थांबा जरा. बाबा, तुम्हीही. आधी मला नीट सांगा, गेलंय काय?

सासरे : लंबूचं फोल्डर. आमचा बुद्धिबळाचा अख्खा डाव. एक चाल तो मेलनं पाठवतो, एक मी. वर्ष होत आलं डावाला. आणि सूनबाई, मी जिंकत होतो.

सासूबाई : हे ते प्रत्येक डावाला म्हणतात.

सून : बरं. फोल्डर होतं कुठे?

सासरे : मेलमधल्या कचरापेटीत.

सून : चुकून गेलं तिथे?

सासरे : चुकून कसं जाईल? मी ठेवलं. महत्त्वाची सगळी फोल्डरं मी तिथेच ठेवतो.

सून : कचरापेटीत.

सासरे : अशी बघू नकोस. या घरात तुझ्या सासूचा हात फिरत नाही अशी एक जागा दाखव. माझे स्क्रू, माझ्या वायरी, माझी जुनी चप्पल, सगळं आवरलं जातं. आवरलं म्हणजे गेलं. फक्त कचरा बाहेर नेणं लग्नापासून माझ्याकडे. त्या पेटीला ही कधी शिवत नाही. मग सुरक्षित जागा कोणती, तूच सांग.

सून : आई, मग काल काय झालं?

सासूबाई : काल यांची कंबर धरली. म्हणून कचरा मीच खाली नेऊन टाकला. वर येऊन बघते तर कॉम्प्युटर चालू, आणि त्यातलीही पेटी भरलेली. म्हटलं, बिचाऱ्यांना आणखी वाकायला नको.

सून : ती रिकामी करायला वाकावं लागत नाही, आई.

सासूबाई : मला काय माहीत? तूच शिकवलं होतंस, आधी सगळं निवडायचं, मग डिलीट. त्यानं विचारलं, कायमचं पुसू का? मी हो म्हटलं. कुणी नीट विचारलं की माझ्या तोंडून ‘नाही’ निघत नाही.

सून : पण बाबा, पट खिडकीपाशी मांडलेला असतो ना? त्यावरून कळेल की डाव.

सासरे : विचार तुझ्या सासूला.

सासूबाई : धूळ बसली होती. पुसून काढला. सोंगट्याही छान लावून ठेवल्या, काळ्या एकीकडे, पांढऱ्या एकीकडे.

सासरे : तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. म्हटलं असू दे, मेल आहेत.

सून : मग लंबूकाकांनाच विचारू. त्यांच्याकडे सगळं असेल.

सासरे : त्याचं नाव काढू नकोस.

सासूबाई : भांडलेत.

सासरे : भांडलो नाही. फोन आपटला फक्त.

सासूबाई : तो आपटतानाच कंबर धरली.

सासरे : दीड महिना झाला, त्याची चाल नाही. हरायला लागला की गप्प बसायचं, ही त्याची जुनी खोड. काल शेवटी फोन केला, तर वर मलाच म्हणतो, चाल तुझी आहे. मी म्हटलं, तुझी. म्हणाला, डोळे उघडून मेल वाच. मी म्हटलं, आता पुरावाच दाखवतो, नाही दाखवला तर पुन्हा तोंड दाखवणार नाही.

सासूबाई : जन्मभर एका टेबलावर बसून नकाशे काढले दोघांनी. आता या वयात असं कुणाशी जमणार आहे यांचं? कालपासून जेवणात लक्ष नाही. काहीतरी कर गं. हे पाप माझ्या माथी नको.

सून : बघू… बाबा, पेटी रिकामी दिसतेय, पण डिस्कवर तिची फाईल अजून चांगली फुगलेली आहे.

सासरे : म्हणजे?

सून : मेल पुसले की हा प्रोग्राम नुसती त्यांच्यावर काट मारतो. दिसत नाहीत, पण आत असतात. मग तो विचारतो, फोल्डर आवरून जागा मोकळी करू का? हो म्हटलं की मात्र खरंच जातात. असा प्रश्न आला होता?

सासरे : रोज येतो.

सून : आणि तुम्ही काय म्हणता?

सासरे : नाही.

सून : आज सकाळीही?

सासरे : आज सकाळीही. आवरू का म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं. घरात ते कुणी ऐकत नाही, हा तरी ऐकतो.

सासूबाई : या ‘नाही’नं माझा जीव खाल्लाय. फिरायला चला, नाही. नवा शर्ट घ्या, नाही.

सून : आज त्याच ‘नाही’नं डाव वाचवलाय. फाईलची एक प्रत बाजूला ठेवते. मारलेली काट काढते. आता प्रोग्राम पुन्हा उघडू.

(कॉम्प्युटर बराच वेळ कुरकुरतो. तिघंही त्याच्याकडे बघत बसतात.)

सून : आलं. ‘लंबू’.

सासरे : शेवटचा मेल काढ. माझीच चाल असणार. आता दाखवतो त्याला.

सून : शेवटचा त्यांचा आहे. दीड महिन्यापूर्वीचा. आणि बाबा, तो वाचलेलाच नाही.

सासरे : शक्य नाही.

सासूबाई : तुमचा चष्मा मोडला होता, तेव्हाचा असेल.

सासरे : तेव्हा आलेलं सगळं मी नीट ठेवून दिलं होतं. चष्मा आला की वाचू म्हणून.

सून : पेटीत.

सासरे : मग कुठे ठेवणार? वाच.

सून : ‘अरे, तुझी चाल मिळाली. वजीर उघडा टाकलायस. चष्मा मोडलाय म्हणाला होतास, त्यानंच झालं असेल. मी तो मारत नाही. चाल परत घे आणि दुसरी पाठव. घाई नाही. मी थांबतो.’

सासूबाई : आणि थांबलाय बिचारा.

सासरे : सूनबाई.

सून : काय, बाबा?

सासरे : यावर परत काट मारता येते का?

सून : येते. मारू?

सासरे : …नाही.

सासूबाई : मग हा घ्या फोन.

सासरे : हॅलो. मी बोलतोय… हो, पाहिला पुरावा. आत्ता पाहिला… चुकलं माझं… नाही, नाही, चाल परत घेणार नाही. तू ये. पट लख्ख पुसून ठेवलाय हिनं, डाव परत मांडतो. समोर बसून मार माझा वजीर.