पिवळ्यावर लाल अक्षरं

कपड्यांच्या दुकानात माझ्यापुढे रांगेत दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटीच्या हातात लहान मुलांचे तीन ट्रॅकसूट होते.

"मोठ्याला निळा, मधल्याला हिरवा, ठीक आहे. पण चिमुरडीला हा पिवळाधमक? दोन दिवसांत मळेल."

"मळू दे. धुईन."

"अगं, भावांचे जुने चांगले धड आहेत की! बाह्या दुमडल्या की झालं."

"ताई, तुझ्या दुमडलेल्या बाह्यांत माझं अख्खं लहानपण गेलं."

"मग काय बिघडलं?"

"कॉलरच्या आत आईने दोऱ्याने तुझं नाव भरलं होतं. खेळाच्या बाई ते वाचून वर्षभर मला तुझ्या नावाने हाक मारायच्या. आणि मी मुकाट ओ द्यायचे."

"बरं बाई! निदान दोन नंबर मोठा तरी घे."

"अजिबात नाही. आज अंगाला बसतो तोच."

रांग सरकली. दुकानदार म्हणाला, "नावं आम्ही भरून देतो. कॉलरच्या आत ना?"

"मुलांची आत. मुलीचं छातीवर भरा, चांगलं मोठ्या लाल अक्षरांत."

"अगं, मग तो नंतर माझी पोर कसा घालणार?"

"तिला तिच्या नावाचा घे, ताई. आणि रंग तिला विचार."