दोन डाव्या बाह्या

...आणि वर मलाच विचारतात, ‘लक्ष कुठं असतं गं तुझं?’ कुठं असणार? गेलं असेल माथेरानला हवा खायला! मी काय त्याच्या गळ्यात घंटा बांधलीय?

तुमाला सांगते, वीस वर्षं मी ह्या कर्जतच्या दहिवलीत शिलाई करते, मशीन माझ्या आईचं, अर्ध्या गावाच्या अंगावर माझा टाका हाय, आणि गेल्या साली शेजारच्या सोमीच्या लग्नाचा ब्लाऊज शिवला तर... दोन्ही बाह्या डाव्या! हसू नका गं! बिचारीचा उजवा हात सगळ्या फोटोंत जरा वरच हाय. भटजीनं भर लग्नात दोनदा विचारलं म्हणे, ‘काही हवंय का?’

आणि हे एकच झालं का? भर मे महिन्यात मी शाल पांघरून! कर्जतचा मे, कावळे चोच उघडी टाकून बसतात, आणि मला हुडहुडी! फोडणी दिली तर वास नाय, कुणी बोललं तर गोधडीखालून बोलल्यासारखं, हातात कात्री घेऊन घरभर कात्री शोधायची. मग काय, सुरू! सासूबाई, ‘लक्ष कुठं असतं गं तुझं?’ पोरगा, ‘आई, लक्ष कुठंय?’ आणि आमचे हे तर काय, जगदीशराव! सासूबाई म्हणाल्या, ‘हिच्यानं आता व्हायचं नाय, मशीन हर्षलाला देऊन टाक.’ हर्षला म्हणजे माझी नणंद, खोपोलीला असते, तिला सुईत दोरा ओवता येत नाय, पण मशीन पायजे माझं! एरवी ह्यांना हाक मारून मारून घसा सुकतो, पण मशीन द्यायचं मात्र एका झटक्यात ऐकू आलं.

त्यात आली झिनतभाभी, ड्रेस शिवायला. ती बाजारातल्या लॅबमध्ये रक्त काढते. मी टेप लावून तिचा गळा मापतेय आणि ती बघतेय माझ्या गळ्याकडं! ‘भाग्यश्री, हे सुजलंय कधीपासून गं?’ घ्या! रोज आरशात बघून टिकली लावते, मला दिसलं नाय. तीन माणसांना रोज समोर उभी राहून वाढते, त्यांना दिसलं नाय. आणि लक्ष कुणाचं नाय म्हणे? माझं!

रक्त काढलं. डॉक्टर म्हणाले, ‘थायरॉईड आहे ताई. मेंदूतून एक हार्मोन निघतं, ते गळ्यातल्या ग्रंथीला सांगतं, काम कर. ती ऐकत नाही. मग मेंदू आणखी जोरात ओरडतो. तो ओरडा आम्ही मोजतो. पाचाच्या आत हवा, तुमचा अठ्ठेचाळीस आहे.’ आणि कागदावर चित्र काढायला लागले. म्हटलं, डॉक्टर, चित्र कशाला? आमच्या घरी येऊन बसा, रोज दिसेल!

मग विचारलं, ‘म्हणजे मी वेंधळी नाय?’ ‘नाही हो, ग्रंथी सुस्त पडलीय. गोळी घ्या, लक्ष येईल परत.’ तिथं मात्र मी रडले. खरंच सांगते, हुंदके देऊन रडले. वर्षभर स्वतःला येडी समजत होते मी.

सकाळी उपाशीपोटी गोळी, मग अर्धा तास चहा नाय. तर हे म्हणतात, ‘मग आमचा चहा?’ गोळी मला, दुखणं ह्यांचं! पण दोन महिन्यांत हळूहळू फोडणीचा वास आला, शाल ट्रंकेत गेली, बाह्या आपापल्या हाताला बसायला लागल्या. आणि काय काय आठवायला लागलं! दर रविवारी हे नेरळला दोस्ताकडं पसार. विचारलं की, ‘सांगितलं होतं की तुला, विसरलीस! लक्ष कुठं असतं गं तुझं?’ मी बापडी म्हणायची, असेल बाई. कुठलं असेल! एकदासुद्धा सांगितलं नव्हतं!

बरं, ह्यांना मी बजावलं, मी बरी झाले, मशीन द्यायचं नाय. जेवताना सांगितलं, चहा देताना सांगितलं, मोबाईलच्या आड उभी राहून सांगितलं. ‘हं.’ आता ‘हं’ म्हणजे माणसानं काय समजायचं? परवा सकाळी दारात आळीतल्या गजाचा टेंपो! ‘वहिनी, मशीन न्यायचंय खोपोलीला.’ मी गेले आणि मशीनवरच बसले. अशी! म्हटलं, न्यायचं तर दोघांना न्या! आणि हे दात घासत बाहेर, ‘अगं, नको होतं तर सांगायचं ना!’

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सांगितलेलं ऐकू येत नाय, समोरचं दिसत नाय, बसल्या जागी डुलकी, पोट पुढं... अरे देवा, ह्यांनाच थायरॉईड! आणि मी मेली वीस वर्षं एका आजारी माणसाशी भांडतेय! कीवच आली हो. टेंपो उभाच होता, मशीनच्या जागी ह्यांना चढवलं आणि नेलं लॅबमध्ये. घरी येऊन देवापुढं दिवा लावला, म्हटलं, जास्त नको, पण असू दे रे थोडा तरी.

संध्याकाळी झिनतभाभी कागद घेऊन आली. कागद बघते, माझ्याकडं बघते. ‘भाग्यश्री... दोन हाय गं.’

‘दोन?’

‘नॉर्मल. एकदम नॉर्मल.’

परत बघ म्हटलं. तिनं परत बघितलं. दोनच! मेंदू सांगतोय, ग्रंथी ऐकतेय, आत सगळं बैजवार चाललंय. मी ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले, म्हटलं, ‘अहो, तुमाला काय झालेलं नाय.’ मोबाईलमधून मान वर नाय. ‘हं?’

मशीन राहिलं बघा माझं. पण माझ्या दुखण्यावर गोळी तरी होती हो!