रोवेनाने विषय निवडले आणि मला कुणी सांगितलंच नाही

...नाही, ते सगळं राहू द्या बाजूला, मला आधी एवढंच सांगा, की छातीपर्यंत दाढी असलेला, दारातून वाकून आत येणारा एक धिप्पाड बाप्या तुमच्यासमोर बसून घोगऱ्या आवाजात "बाबा, मी आता लहान नाही" असं म्हणाला, तर तुम्ही काय कराल? मी म्हणालो, "ते दिसतंच आहे." यात माझं काय चुकलं? पण ग्लेनिसने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, टेबलाखालून असा पाय मारला ना... तुम्हाला सांगतो, नडगी महिनाभर हिरवीनिळी होती.

तर हा डग्लस. दुभाष्या, हातांच्या खुणा तोंडाने सांगणारा आणि तोंडचं खुणांनी. माझी मुलगी रोवेना जन्मापासून बहिरी, तिची शाळा बहिऱ्या मुलांची, आणि त्या दिवशी शाळेत होती विषय निवडायची संध्याकाळ. सोळा पूर्ण झाली की शाळेची शेवटची दोन वर्षं, त्याला आमच्याकडे सिक्स्थ फॉर्म म्हणतात, त्यात कोण काय शिकणार ते आईबापांसमोर ठरवायचं. ठरवायचं काय डोंबल? आमचं ठरलेलंच होतं. म्हणजे माझं ठरलेलं होतं. माझं फिश अँड चिप्सचं, म्हणजे तळलेले मासे आणि बटाट्याच्या फोडींचं दुकान, माझ्या बापाचं होतं, पुढे रोवेनाचं होणार. तिने इथेच, याच शाळेत, स्वयंपाकाचा कोर्स घ्यायचा, दुपारी घरी, संध्याकाळी दुकानात, माझ्या शेजारी. मी तर पाटीसुद्धा रंगवून आणली होती, 'हॅकेट आणि कन्या', सोनेरी अक्षरं, दुकानातल्या फ्रीजमागे लपवलेली, तिला धक्का द्यायला. धक्का द्यायला म्हणे! धक्का कुणाला बसला ते ऐका.

आता तुम्ही म्हणाल, बापाला दुभाष्या कशाला लागतो? मला येते हो खुणांची भाषा. येते म्हणजे... दुकानापुरती येते. कॉड मासा, हॅडक मासा, मोठा, छोटा, मीठ, व्हिनेगर नको, पुडा बांध, म्हातारीला आधी दे. एवढ्यावर इतकी वर्षं सुखात काढली. ग्लेनिस क्लासला गेली, रीतसर शिकली, ती पोरीशी तासन् तास बोलते, दोघींचे हात असे चालतात की मध्ये बशी ठेवायची सोय नाही. मी म्हणायचो, काय म्हणतेय? तर ही म्हणायची, "काही नाही, असंच." असंच! आणि त्या 'असंच'मध्ये काय काय शिजत होतं, मला कुणी सांगितलंच नाही.

बरं, शाळेच्या फाटकातून आत गेलो. पोरं उभी. मला बघितल्याबरोबर एकेकाने काय केलं, तर उजवा पंजा खांद्यावरून मागे नेला, असा, आणि हसले. हे नेहमीचंच. मी कधीही गेलो की पोरं असं करतात. माझी समजूत, इथला नमस्कार असेल. म्हणून मीही दरवेळी अगदी प्रेमाने खांद्यावरून पंजा मागे नेतो. पोरं खूश होतात. त्या दिवशी तर दोघं लोळायचे बाकी राहिले. मला वाटलं, चांगली वळणाची मुलं आहेत.

आत हॉल गच्च भरलेला. बहिऱ्यांची शाळा म्हणजे शांतता असेल असं ज्याला वाटतं त्याने एकदा येऊन जावं. खुर्च्या काय ओढतात, कुणाला हाक मारायची म्हणून टेबलं काय बडवतात, पाय काय आपटतात... त्यांना काय त्रास, कान आपले! त्या गोंगाटात सिक्स्थ फॉर्मच्या मुख्य बाई, मिसेस ऑकली, आमच्या टेबलाशी आल्या. स्वतः बहिऱ्या, बुटक्या, नजर अशी की माणूस उगाच खिसे चाचपतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हात हलवले, आणि डग्लस म्हणाला, "मिस्टर हॅकेट, गेल्या वर्षापेक्षा बरेच सुटलात. धंदा जोरात दिसतोय."

आता हे लोक असंच बोलतात, तोंडावर, त्यात वाईट काही नसतं, हे मला ठाऊक आहे. पण ते डग्लसच्या तोंडून! मी त्याच्याकडे झुकून हळूच म्हणालो, "तू कुठे काडी लागून गेलास?" तर या पठ्ठ्याने तेही हातांनी बाईंना सांगितलं. मी म्हणालो, "अरे, ते तुला म्हणालो, हे सांगू नकोस." त्याने 'हे सांगू नकोस' तेही सांगितलं. मी म्हणालो, "अरे गाढवा..." गाढवसुद्धा गेलं! कपाळावर दोन हात, कान हलवून! त्या खोलीत जे कानावर पडेल ते हातावर यायचं आणि जे हातावर दिसेल ते तोंडावर, असा त्याचा नेम. मला कुणी सांगितलंच नाही.

मग मी जरा सावरून बसलो आणि म्हणालो, "स्वयंपाकाचा कोर्स लिहून टाका, बाई, आम्हाला दुकान उघडायचंय." रोवेनाचे हात हलले. आणि डग्लस म्हणाला, "बाबा, मी आता लहान नाही." ते तुम्हाला सांगितलंच, नडगीसकट. पुढे काय म्हणाला? "बाबा, मला समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायचाय." मी म्हणालो, "करा की. माझं काय जातंय?"

बाईंनी टेबल बडवलं. "मिस्टर हॅकेट, त्याच्याकडे नाही, मुलीकडे बघा. मुलगी बोलतेय." अहो, पण आवाज दाढीतून येतोय, तर माणूस दाढीकडेच बघणार ना? मान वळवून वळवून रोवेनाकडे आणतो, तेवढ्यात तिकडून आवाज येतो, की मान परत दाढीकडे. आणि दाढी म्हणतेय, "उत्तरेला समुद्रकाठी माझ्यासारख्यांची शाळा आहे, तिथे राहायची सोय आहे, जीवशास्त्र, रसायन आणि गणित घेणार, मग पाणबुड्यांचं काम करणार, समुद्राच्या तळाशी. सुट्टीत येत जाईन."

सुट्टीत! म्हणजे एरवी घरात कोण? पण तोंडातून काय बाहेर पडलं? म्हणालो, "माशांचंच करायचंय, तर दुकानात काय कमी मासे आहेत?"

"ते मेलेले असतात, बाबा. मला जिवंत वाचवायचेत. आणि मी गेल्या ईस्टरपासून मासे खाल्लेले नाहीत."

माझ्या घरात. हॅकेटच्या घरात. तीन पिढ्या ज्या कुटुंबाच्या अंगाला न्हाऊनधुऊनही कॉडचा वास येतो, त्या घरात एक मुलगी वर्षभर मासा खात नाही आणि मी ग्लेनिसकडे बघतो, तर ती म्हणते, "सगळ्यांना ठाऊक आहे, बर्नार्ड." सगळे म्हणजे कोण? "मिसेस प्रिचर्डना ठाऊक आहे." मिसेस प्रिचर्ड! दर शुक्रवारी हॅडक नेणारी, कवळी लावायला विसरणारी म्हातारी! तिला ठाऊक, पोस्टमनला ठाऊक, शेजारच्या कुत्र्याला तर नक्कीच ठाऊक, कारण रोवेनाच्या वाटचा मासा तोच खात होता. मी आपला म्हणायचो, काय जाडं झालंय कुत्रं! मला कुणी सांगितलंच नाही.

मी उठलो. म्हणालो, चहा आणतो. चहाचं टेबल हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे गेलो, कप हातात घेतला आणि रिकामाच ठेवून दिला. आणि मग मी ती चूक केली. दुकानात गर्दी असली की मी आणि ग्लेनिस या टोकापासून त्या टोकापर्यंत खुणांनीच बोलतो, कढईच्या चरचराटात ऐकू काय येणार? आणि गिऱ्हाइकाला काही कळत नाही, म्हणून सगळं खाजगी. तर मी सवयीने तिकडून ग्लेनिसला खुणा केल्या. चांगल्या मोठ्या, ठळक, वर हात करून, तिला दिसाव्यात म्हणून. माझ्याकडे शब्द किती? तेवढ्यातच जुळवलं. मुलगी जाणार. दुकान, मी एकटा. घर, रिकामं. पाणी खोल. ती हाक मारणार, कोण ऐकणार? मी घाबरलो.

खाजगी! तुम्हाला सांगतो, खुणा समजणाऱ्या माणसांनी गच्च भरलेल्या हॉलमध्ये दोन्ही हात डोक्यावर नेऊन मी खाजगी बोलत होतो. हे म्हणजे भर चर्चमध्ये पाद्र्याच्या माइकवरून बायकोच्या कानात कुजबुजण्यासारखं.

एकेक हात थांबला. एकेक मान वळली. पोरं, आईबाप, मास्तर, चहा देणारी बाई, सगळे माझ्याकडे बघतायत. आणि त्या शांततेत, कारण आता खरंच शांतता झाली होती, डग्लस उभा राहिला आणि ऐकू येणाऱ्या पालकांची गैरसोय नको म्हणून घोगऱ्या, खणखणीत आवाजात म्हणाला, "घर रिकामं होईल. ती हाक मारेल आणि कुणाला ऐकू येणार नाही. मी घाबरलोय."

आयुष्यात मी हे वाक्य कुणाशी बोललो नव्हतो. स्वतःशीसुद्धा नाही. आणि ते मी प्रथम ऐकलं ते दाढीतून.

बरं, आपल्या ऐकणाऱ्यांत असं झालं तर लोक निदान नजर खाली घालतील, बुटाच्या नाड्या बांधतील. इथे तसलं काही नाही. इथे सगळे बोलायला लागले. एक आजोबा काठी भिंतीला लावून, दोन्ही हात मोकळे करून, थेट माझ्यासमोर आले आणि विचारलं, कशाला घाबरलास? एक बाई म्हणाली, माझा मुलगा गेला, मीही रडले, आता त्याच्या खोलीत शिवणाचं मशीन ठेवलंय. मागून कुणीतरी म्हणालं, आधी वजन कमी कर. हे सगळं डग्लस इमानेइतबारे ओरडून सांगत होता, वेगवेगळ्या सुरात!

तेवढ्यात दिवे गेले, आले, गेले, आले. बहिऱ्यांचं लक्ष वेधायची ही रीत, आणि बटणाशी रोवेना. सगळे गप्प. तिने डग्लसला खुणेने सांगितलं, तू बस. तो बसला, बिस्किट तोंडात घातलं, आणि आता आवाज कुठूनच येईना. आता मी बघणार कुठे? पहिल्यांदाच मी नुसतं तिच्याकडे बघितलं.

ती सावकाश बोलली. माझ्याच शब्दांत, दुकानातल्या. म्हणाली, बाबा, पाण्याखाली कुणीच बोलत नाही. सगळे हातांनी. तिथे तू बहिरा. मी नाही. तिथे हाक मारली तर बघतात, कारण बघावंच लागतं.

कळलं हो मला. अक्षर न् अक्षर कळलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, सांगितलं. रोज सांगितलं. आणि तिने नक्कल केली. माझ्याकडे पाठ केली. पाय फाकवून उभी राहिली, पोट पुढे, हातात झारा धरल्यासारखं, कढईत ढवळते आहे. आणि मग, मागे न बघता, उजवा पंजा खांद्यावरून मागे. थांब. नंतर.

तीच. फाटकातली खूण.

हॉल हसून हसून फुटायचा बाकी राहिला. आणि मिसेस ऑकलींनी मला समजावून सांगितलं, डग्लसने बिस्किट गिळून सांगितलं, की या लोकांत प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं. ते आपण घ्यायचं नसतं, लोक देतात. ग्लेनिसचं गालावरची खळी. बाईंचं डोळे वटारणं. माझं आपलं मासा असेल, असं मी धरून चाललो होतो, मासेवाला म्हणून. तर माझं नाव हे. पोरगी पहिल्या इयत्तेत होती तेव्हापासून, अख्ख्या शाळेत माझं नाव हे! आणि मी इतकी वर्षं फाटकात उभा राहून, हसून, स्वतःचंच नाव पोरांना सांगत होतो. मला कुणी सांगितलंच नाही... असं म्हणणार होतो, पण म्हटलं, जाऊ दे.

विषय लिहिले. सही केली. बाईंना विचारलं, नाव बदलून मिळतं का? त्या म्हणाल्या, नाव लोकांनी दिलेलं असतं, मी कोण बदलणार? तरीही मी सुधारलो बरं का. कढईच्या वर आरसा लावून घेतला, मागचं सगळं दिसतं. रोवेनाने दिवा लुकलुकवला की झारा खाली, तोंड मागे. उन्हाळाभर ती बोलली आणि मी बघितलं. चिप्स करपल्या, गिऱ्हाइकं करवादली, मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या, पूर्वी बरं होतं. सप्टेंबरात पोरगी गेली. पाटी मात्र मी लावलीच. लोक विचारतात, कन्या कुठाय? मी म्हणतो, समुद्रात.

आता रोज फोनवर एकमेकांना बघून बोलतो. म्हणजे मी बोलतो. ग्लेनिसच्या क्लासला मीही जातो, चांगले नवे नवे शब्द शिकून येतो. परवा तर 'आठवण' शिकून आलो, दुकान बंद ठेवून, स्वच्छ शर्ट घालून फोनसमोर बसलो. फोन लागला. वसतिगृहाचं स्वयंपाकघर. तिने फोन कपाटाला टेकवून ठेवलेला, आणि ती शेगडीपाशी उभी, चिप्स तळतेय, माझ्याकडे पाठ. मी दिवा लावला, मालवला, लावला, तिच्या समोरच्या भिंतीवर फोनचा उजेड लुकलुकला, मी हात वर करून म्हणालो, आठवण, रोवेना, आठवण.

तिने मागे न बघता उजवा पंजा खांद्यावरून मागे नेला.

थांबलोय.