नावाड्याचा चष्मा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांच्या डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून आजी त्यांना मोबाइलवरून वाचून दाखवत होत्या.

“आपल्या लेकाने बनवलेला नवा गेम आलाय. कंपनीने लिहिलंय, ‘तुमच्या लाडक्या जगातली नवी कहाणी.’”

“माझं कुठलं लाडकं जग?”

“अहो, जुन्या गेममधलं. त्यातला नावाडी यात नायक आहे. आपण नावाडी व्हायचं.”

“होऊन करायचं काय?”

“ते लिहिलेलं नाही. ‘प्रत्येक निर्णय तुमचा’ एवढंच आहे.”

“आणि मूळ गोष्ट?”

“ती वेगळी. ही बाजूची.”

“म्हणजे आपल्या लेकाला बाजूचंच काम दिलं?”

“हळू! संध्याकाळी त्याचा फोन आला की असलं काही बोलू नका. मागे तुम्ही ‘पोरखेळ’ म्हणालात, तर महिनाभर बोलला नाही तो.”

“मग बोलू काय? मला ओ की ठो कळलेलं नाही.”

“थांबा, खाली चित्र आहे. ‘पहिली कामगिरी: नावाड्याचा हरवलेला चष्मा शोधा.’ अगंबाई!”

“काय झालं?”

“चष्मा त्याच्या कपाळावरच आहे.”

आजोबांचा हात आपोआप कपाळावर सरकवलेल्या स्वतःच्या चष्म्याकडे गेला.

“फोन आला की आधी माझ्याकडे दे.”

“काय बोलणार?”

“नावाड्याला चष्मा सापडतो का, तेवढं विचारतो.”