मुलीला चष्मा लावल्याबद्दल

मी, चष्मेवाला, वय वर्षे एकेचाळीस, धंदा डोळे तपासून चष्मे करून देण्याचा, राहणार बाजाराच्या कोपऱ्यावर दुकानाच्याच माडीवर, आज शनिवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ठाण्यात हजर असून हवालदार साहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो ते असे :

माझ्यावर स्वतःची मुलगी पळवल्याची तक्रार आहे. तक्रार मुलीच्या आईने, म्हणजे माझ्या बायकोने दिली आहे. आम्ही दीड वर्षापासून वेगळे राहतो. मुलीचा ताबा कोणाकडे असावा याचा दावा कोर्टात चालू आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे. मी तिला भिंगरी म्हणतो. निकाल लागेपर्यंत ती आईबरोबर तिच्या मामाच्या घरी राहते.

वेगळे झाल्यापासून पहिले सोळा महिने मला मुलगी दाखवलीसुद्धा नाही. कधी ताप, कधी परीक्षा, कधी दाराला कुलूप. ताप तिला बरोबर मी जायच्या दिवशीच यायचा. शेवटी कोर्टाने हुकूम केला की बापाने दर शनिवारी चार ते साडेपाच मुलीला भेटावे, कोर्टाच्या इमारतीतल्या मुलांच्या खोलीत, तिथल्या समुपदेशक बाईंच्या देखत. त्या खोलीत एक प्लास्टिकची घसरगुंडी आहे, सोंगट्या हरवलेला कॅरम आहे, आणि बाईंचे टेबल व वही आहे. बापाला मुलीशी बोलायला ही जागा दिली आहे, आणि त्याबद्दल उपकार मानायचे आहेत.

आजच्या आधी चार भेटी झाल्या. चारही वेळा भिंगरी दाराकडे तोंड करून बसलेली होती. मी दारात उभा राहून हात हलवला. ती माझ्याकडे सरळ बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. बाईंनी वहीत लिहिले, 'वडील आले असता मुलीने ओळख दाखवली नाही.' चारही शनिवारी तेच वाक्य आहे, वही मागवून बघावी. तिच्या आईच्या वकिलांनी ते वाक्य कोर्टात तीनदा वाचले. दुसऱ्या भेटीत तर पाण्याचा माठ भरायला आलेल्या शिपायाकडे बघून ती हसली, दोन पावले पुढे गेली आणि एकदम मागे फिरली. शिपायाचा शर्ट माझ्यासारखाच निळा होता. मला वाटले, मला डिवचायला केले. जवळ बसलो तर म्हणायची, "तुमचं काही नको मला." पूर्वी ती मला अरे-तुरे करायची, आता अहो-जाहो. तिसऱ्या भेटीत मला राग आला आणि मी अर्धा तास वर्तमानपत्र वाचत बसलो. नऊ वर्षांच्या पोरीवर रुसून बसलो. हेही लिहावे.

आज चार वाजता मी पोचलो. भिंगरी चित्र रंगवत होती. कागद नाकाला टेकला होता. चार वाजून दहा मिनिटांनी तिने विचारले, "किती वाजले?" समोरच्या भिंतीवर ताटाएवढे घड्याळ आहे. मी म्हणालो, बघ की. तिने डाव्या हाताचे बोट डोळ्याच्या कोपऱ्याला लावले, कातडी कानाकडे ओढली आणि घड्याळाकडे बघितले.

हवालदार साहेबांना याचा अर्थ कळला नाही म्हणून सांगतो. ज्याला लांबचे दिसत नाही ते मूल असेच करते. डोळा बारीक केला की थोडे स्पष्ट दिसते. माझ्या दुकानात रोज एक तरी पोर असे करते आणि मी त्याच्या आईबापांना झापतो की इतके दिवस तुमचे लक्ष कुठे होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. भिंगरीला पहिला चष्मा मीच सातव्या वर्षी करून दिला होता. त्या खोलीत ती चारही वेळा चष्म्याशिवाय बसली होती आणि ते मला दिसले, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. मुलगी मला ओळखत नाही असे बाईंनी लिहिले आणि मी, हा धंदा करणारा माणूस, ते खरे मानून घरी गेलो. दारापासून तिची खुर्ची पंधरा फुटांवर आहे. तिला तिथून माणूस दिसतो, तोंड दिसत नाही.

मी विचारले, "चष्मा कुठाय?"

ती म्हणाली, "नाही लागत मला. मला काही झालेलंच नव्हतं. आई म्हणते, तुमचा धंदा चालावा म्हणून तुम्ही मला खोटा नंबर लावलात. तो चष्मा मामाने केव्हाच टाकून दिला."

मी म्हणालो, "मग शाळेत फळ्यावरचं दिसतं?"

ती म्हणाली, "शेजारणीच्या वहीत बघून लिहिते. बाई ओरडतात."

इथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोने कोर्टात मला चिडखोर म्हटले, मी मान्य केले, आहेच. कंजूष म्हटले, आळशी म्हटले, मी ऐकून घेतले. नवरा-बायको भांडली की उचलली जीभ लावली टाळ्याला, हे चालायचेच. पण बापाचा राग काढायला पोरीच्या नाकावरचा चष्मा काढायचा आणि वर तिला सांगायचे की तुझ्या बापाने तुला खोटे आजारी केले, याला काय म्हणायचे? ही बाई स्वतः दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते. कोणत्याही डॉक्टरला पाच मिनिटांत दाखवता आले असते. दाखवले नाही, कारण डॉक्टरने नंबर सांगितला असता आणि बाप खरा ठरला असता.

चार वाजून वीस मिनिटांनी समुपदेशक बाई फोन घेऊन बाहेर गेल्या. मी त्यांना विचारले नाही. त्यांच्या वहीत लिहिले, 'मुलीचे डोळे तपासायला दुकानात नेत आहे. सव्वापाचला परत आणतो', खाली फोन नंबर व सही. पळवणारा माणूस पत्ता लिहून ठेवत नाही. तरी खोलीबाहेर न्यायचा हुकूम नव्हता, आणि मी नेले, हे मला कबूल आहे. कोर्ट ते दुकान सात मिनिटांचे अंतर आहे. त्या सात मिनिटांविषयी पुढे सांगतो.

दुकानात मी तिला उंच खुर्चीवर बसवले व तक्ता लावला. तक्त्याचे वरचे सर्वांत मोठे अक्षरही तिने अंदाजाने सांगितले आणि चुकीचे सांगितले. मी काचा बदलत गेलो. उजवा डोळा वजा पावणेचार, डावा वजा चार. दीड वर्षापूर्वी दोन्ही वजा अडीच होते. तपासणीचा कागद सोबत जोडला आहे. त्यावर विश्वास नसेल तर गावातल्या कोणत्याही डॉक्टरकडून तपासून घ्यावे, त्यांना मी कोण हे सांगूसुद्धा नये. या नंबराच्या काचा दुकानात तयार होत्या. हिरवी फ्रेम तिने निवडली. काचा घासून बसवायला वीस मिनिटे लागली.

चष्मा लावून तिने आधी दाराबाहेर बघितले. मग समोरच्या फुटपाथवरची पाटी मोठ्याने वाचली, "येथे किल्ल्या तयार करून मिळतील." मग भिंतीवरचे कॅलेंडर वाचले, माझ्या खिशावरचे पेनाचे नाव वाचले. मग माझ्या तोंडाकडे बघितले आणि म्हणाली, "बाबा, तुझे केस कधी पांढरे झाले?"

मी चष्म्याच्या दांड्या तिच्या कानांमागे नीट बसवल्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी तिची आई आणि मामा रस्त्यापलीकडे आले. मला ते दिसले नव्हते, माझी पाठ होती. भिंगरीला दिसले. तिने चष्मा काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. देताना ती एक वाक्य बोलली. ते वाक्य मी या जबाबात देणार नाही, दिले तर ते तिच्या आईपर्यंत जाईल. त्यानंतर ती रडायला लागली.

तिची आई आत आल्या आल्या म्हणाली, "झालं समाधान? पोटच्या पोरीलाही गिऱ्हाईक केलंस!" मामाने काचा बदलून नंबर बघायची तपासणीची फ्रेम टेबलावरून खाली पाडली. मुद्दाम की चुकून, ते मी सांगू शकत नाही. माणूस धांदरट आहे. मी ओरडलो. मी काय ओरडलो ते हवालदार साहेब लिहून घेत नाहीत, शिव्या जबाबात बसत नाहीत म्हणतात. बसत नसतील तर तेवढी जागा सोडावी. मी कोणालाही हात लावला नाही. दहा मिनिटांनी पोलीस आले.

हिरवा चष्मा पोलिसांनी जप्त केला आहे. तो मुद्देमाल म्हणून पाकिटात घालून वर लाख लावली आहे. माझी याला सक्त हरकत आहे. सोमवारी तिची शाळा आहे. माझ्यावर खटला खुशाल भरा, पण पुरावा म्हणून तपासणीचा कागद ठेवा आणि चष्मा तिच्या नाकावर जाऊ द्या. बापाच्या हातचा नको असेल तर तिच्या आईने दुसऱ्या दुकानातून करून घ्यावा, नंबर मी लिहून देतो, खाली माझे नाव घालत नाही.

यानंतर हवालदार साहेबांनी मला मुलीने आईसमोर सांगितलेले वाचून दाखवले, की 'बाबांनी मला हाताला धरून ओढत नेले. मला जायचे नव्हते.' तसेच समोरच्या किल्लीवाल्याने सांगितलेले वाचून दाखवले, की पोरगी पुढे होती, हे मागे होते आणि तीच यांचा हात ओढत चालली होती. यातले खरे कोणते, असे मला विचारले. किल्लीवाल्याचे म्हणणे मी उचलून धरले तर तक्रार आजच ढिली पडेल, हेही त्यांनी समजावून सांगितले.

माझे उत्तर असे : किल्लीवाल्याने काय बघितले ते किल्लीवाल्याला माहीत. त्या सात मिनिटांविषयी पुढे सांगतो म्हणालो होतो, पण आता मी काही सांगणार नाही. मी तिला खोटे पाडले तर कोर्ट उद्या तिला समोर उभी करून विचारेल, तू खोटे का बोललीस, तुला कोणी शिकवले. मग तिला आईचे नाव घ्यावे लागेल, आणि संध्याकाळी त्याच आईच्या हातचे जेवायला बसावे लागेल. तिच्या आईला मी सोडणार नाही. जे तिने केले ते कोर्टात, वरच्या कोर्टात, जिथे कोणी ऐकेल तिथे सांगेन. पण ती लढाई माझी आणि माझ्या बायकोची आहे. मुलीने ओढत नेले म्हटले असेल, तर ओढत नेले असे लिहावे.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला व मी सांगितला तसाच लिहिला आहे. 'ओढत नेले' या शब्दांपाशी हवालदार साहेब थांबले आणि त्यांनी मला पुन्हा एकदा विचारले. राहू द्या म्हणालो आणि सही केली.