सतरा कुलपं

हॅलो?… हां, बोला अक्का, मी श्यामलाच… नाही हो, झोपते कसली, आज झोपायची सोय आहे का… ऐकू येतंय की. ओरडायला नको, फोन लागून पंधरा दिवस झाले, दहा वेळा सांगितलं तुम्हाला.

हो… हो, चाललंय ना हळदीकुंकू. छान चाललंय… आल्यात की. बऱ्याच आल्यात… आता किती म्हणजे… सात-आठ. दहाही असतील, मोजत कोण बसलंय… गजरे? पुरले. म्हणजे उरलेत थोडे. तुम्ही तीस पाठवलेत, गावाबाहेरच्या ह्या नव्या वसाहतीत, एचएसआर लेआउटात, तीस बायका गोळा करायच्या म्हणजे…

आवाज नाही येत? अहो, इकडच्या बायका हळू बोलतात. तुमच्या शिवाजीनगरसारखं नाही. तिथं गल्लीत दोघी बोलायला लागल्या की बसचा हॉर्न ऐकू येत नाही…

नावं? नावं काय… एक त्या समोरच्या मिसेस सुब्बाराव. मग वेणुगोपाल… आता बाईचं नाव वेणुगोपाल कसं असेल अक्का, गेटवर ते लिहिलंय म्हणून म्हटलं… छे, पाटी वाचून नाही सांगत… नाही, खिडकीपाशी नाही उभी मी.

आईंना? आत्ता? त्या कुंकू लावतायत, हात भरलेत… आठ वाजता लावून देते फोन, हे आले की… अहो, तुमचीच आई आहे, मी कशाला लपवू… बरं. बरं, बोलावते. एक मिनिट…

हॅलो… अक्का, आई नाहीत. पुढच्या खोलीत नाहीत… खुर्ची आहे, खुर्चीवर कुणी नाही. न्हाणीघर बघितलं, गच्ची बघितली… चपला नाहीत त्यांच्या.

बायकांना विचारू? कुठल्या बायकांना… अक्का, कुणी आलंच नाही.

हो. खोटं बोलले मी. चार वाजल्यापासून एकही बाई आलेली नाही. इस्त्रीवाल्याची बायको कपडे द्यायला आली, तेवढीच. आईंनी तिला पाटावर बसवलं, हरभऱ्यांनी ओटी भरली, दोनदा आंबेडाळ वाढली. ती गेली आणि मग आई दाराकडं तोंड करून बसल्या. हिरवं लुगडं, नथ, सगळं घालून. दोन तास. मी आत नुसतं पन्हं ढवळत होते. बाहेर यायचं धाडस होईना.

का बोलले म्हणजे? तुम्हीच नाही का म्हणालात… अहो, पाडव्याला. की चैत्रातलं हळदीकुंकू होऊ दे, आई रमलेली दिसली तर राहू दे, नाहीतर मी आईबाबांना परत इकडं घेऊन येते… मामंजींना बरंच पडेल, मला कळतं की. त्यांचं दुकान तिकडंच शिवाजीनगरात आहे, सत्तराव्या वर्षी रोज दोन बस बदलून जातात… पण आई गेल्यावर मी काय करू ते सांगा. सकाळी पावणेआठला कंपनीची बस येते, अर्धा लेआउट तिच्यात जातो, उरलेला स्कूटरवर. मग संध्याकाळपर्यंत कुत्रं भुंकलं तरी मी खिडकीत येते, कोण आलं बघायला. दिवसभर मी आईंशीच बोलते अक्का. भांडते तेही त्यांच्याशीच.

रागवा नंतर. थांबा, देवघर बघते…

कोयरी नाही. देवापुढची हळदीकुंकवाची कोयरी घेऊन गेल्यात.

अय्यो. कळलं मला… सकाळी म्हणाल्या होत्या… अहो, ते बोलावणं. मी चिठ्ठ्या टाकल्या ना लोकांच्या टपालपेट्यांत. तुमच्या भावानं ऑफिसातल्या कंप्युटरवर छापून आणल्या, इंग्रजीत, वर फूलबिल काढलेलं. घरोघर गेटाला कुलूप, माणसं आत असली तरी कुलूप. बेल वाजवली की कुत्रं अंगावर येतं. मला वाटलं, पेटीत टाकलं की झालं. आई म्हणाल्या, लाइटचं बिल आहे का ते पेटीत टाकायला? बोलावणं दारात उभं राहून करायचं, कुंकू लावून. मी म्हटलं, आई, इथं तसं चालत नाही. असं तोडून म्हटलं मी त्यांना. म्हणून आता स्वतःच गेल्यात दारोदार.

आईंना कानडी येतं की, तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण पत्ता विचारायला रस्त्यावर माणूस नको का? सगळे क्रॉस रस्ते एकसारखे, सगळी गेटं काळी. संक्रांतीला दोन घरं पुढं गेल्या तर परत यायला पाऊण तास लागला होता. मधे घरं न बांधलेल्या रिकाम्या साइटी, कमरेएवढं गवत, परवाच तिथं साप निघाला… ह्यांना पेजरवर निरोप टाकून काय होणार, बसमधून फोन करता येतो थोडाच. तुम्ही ठेवा, मी जाते शोधायला…

थांबा. थांबा, थांबा… दिसल्या. खिडकीतून दिसतायत, रस्त्याच्या त्या टोकाला. हिरवं लुगडं… आईच आहेत… नाही, रडत नाहीये… हो, रडतेय, मग काय करू.

घराकडंच येतायत, हळूहळू. एकेका गेटापाशी थांबतायत… वाकल्या. काय करतायत कळेना… अक्का, कुलपाला कुंकू लावतायत. आधी हळद, मग कुंकू, मग हात जोडायचे आणि पुढच्या गेटाला जायचं… दार कोण उघडणार, मग कुलपालाच लावलं. आमच्या क्रॉसला आमचं सोडून सतरा घरं आहेत. सगळी करत आल्या असणार.

बोलवा काय… हाक मारवत नाहीये मला.

हो… तुमचं बरोबर आहे. मान्य आहे मला. बॅग भरून ठेवते त्यांची, रविवारी या… नाही, रागानं नाही म्हणत. आईंना असं बघितल्यावर कुठल्या तोंडानं राहा म्हणू?

काय? हां, तो हॉर्न… कंपनीची बस. साडेसहाची. हे नाहीत तिच्यात, हे आठला येतात. उतरले लोक…

अक्का, काहीतरी झालंय. ते वेणुगोपाल किल्ली घेऊन गेटासमोर उभे आहेत. कुलपाला हातच लावत नाहीत. पलीकडच्या घरातली नोकरीवाली मुलगी, तीपण… आता दोघं वाकून खाली बघतायत. लिंबू शोधतायत. अहो, त्यांना वाटलं कुणी करणी केली… कुणाला काय सांगू अक्का, मी ह्यातल्या एकाशी कधी बोललेले नाही.

सुब्बाराव काडीनं खरवडतायत… जमले सगळे. ह्या रस्त्यावर एवढी माणसं एकत्र मी आज बघतेय, सहा महिन्यांत. आईंच्या हातात कोयरी दिसली त्यांना. गेले सगळे त्यांच्याकडं… हात नाही लावत हो कुणी, विचारतायत. पण आवाज चढलाय.

श्श… आई बोलतायत. कानडीत. स्वल्प थांबा, ऐकू द्या…

म्हणतायत, 'माझ्या सुनेनं तुम्हा सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलंय. तुम्ही घरी नव्हता, म्हणून कुलपापाशी निरोप ठेवला.' … माझ्या सुनेनं म्हणाल्या अक्का. श्यामलानं, असं माझं नाव घेऊन. आणि घराकडं बोट दाखवलं. सगळे इकडं बघतायत आता, खिडकीकडं.

नाही… कुणी हसत नाहीये. सुब्बाराव अजून खरवडतायतच.

मी जाते… काय बोलणार म्हणजे, तेच. की आमच्याकडं हळदीकुंकू आहे, या. सतरा दारं आहेत, येतील न येतील. एखादा चार शब्द सुनावेलही… सरी, बरं, सुनावू दे… बॅगेचं नंतर अक्का, रविवारचं रविवारी बघू. आत्ता गजरे कुठं ठेवले ते… हां, ओल्या फडक्यात.

नाही, बाजूला नाही ठेवत फोन, ठेवूनच देते. वेळ लागेल मला. आई एकट्याच उभ्या आहेत तिथं, आणि बोलावणं माझं आहे.